बुसान फिरायचंय? शॉपिंग राहू द्या, समुद्र आणि डोंगर कसे बघायचे ते स्टेप बाय स्टेप सांगते

कोरियाला जाणारी आपली बहुतेक मंडळी सोलमध्येच चार-पाच दिवस घालवतात आणि बुसानला एक दिवस देतात, तोही असा की सकाळी ट्रेनने यायचं, हेउंदेच्या बीचवर फोटो काढायचे, रंगीत घरांच्या वस्तीत फोटो काढायचे, मासळी बाजार बघायचा आणि रात्री परत. त्यात बुसान दिसतच नाही. कोरियातलं हे दुसऱ्या नंबरचं शहर, वस्ती तीस लाखांच्या वर, पण याच्या पोटातच डोंगर आहेत, कडे आहेत, नदीचं मुख आहे, जंगल आहे आणि यातलं जवळजवळ सगळं मेट्रो आणि सिटी बसने होतं, गाडी भाड्याने घ्यायची काहीच गरज नाही.

फक्त एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. बुसान हे किनाऱ्याला धरून लांबच लांब पसरलेलं शहर आहे आणि मधेमधे डोंगर आडवे येतात. त्यामुळे नकाशावर जवळ दिसणाऱ्या दोन जागांमध्ये तास-दीड तास सहज जातो. पूर्वेच्या हेउंदेपासून पश्चिमेच्या दादेपोपर्यंत मेट्रोने सव्वा ते दीड तास धरा. म्हणून यादी करून टिकमार्क करत फिरू नका. दिवसाला शहराची एकच बाजू घ्या आणि ती कोणती घ्यायची हे सूर्यावरून ठरवा: पूर्व किनारा सकाळी, पश्चिम किनारा संध्याकाळी, डोंगर मधल्या दिवशी. एवढं पाळलंत तर निम्मी दगदग वाचते.

पहिलं काम: महिना ठरवा

एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर, हे माझं सरळ उत्तर. मार्चच्या शेवटी ते एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात चेरी फुलते, ऑक्टोबरमध्ये डोंगरमाथ्यावर रुपेरी गवताचे तुरे येतात, नोव्हेंबरात पानं लाल-पिवळी होतात. जूनच्या शेवटापासून जुलैच्या शेवटापर्यंत त्यांचा पावसाळा असतो, त्याला ते जांगमा म्हणतात. आपल्याला पावसाचं कौतुक नाही, पण त्या दिवसांत समुद्रावर असं धुकं उतरतं की हेउंदेच्या उंच इमारतींचे फक्त शेंडे दिसतात, कड्यावरून बघायला गेलात तर समोर पांढरा पडदा. ऑगस्ट-सप्टेंबरात वादळांचा धोका, शिवाय जुलै-ऑगस्टमध्ये अख्खा कोरिया बीचवर आलेला असतो आणि हॉटेलचे रेट गगनाला भिडतात.

हिवाळ्याला लोक उगाच घाबरतात. बुसानमध्ये बर्फ क्वचितच पडतो, जानेवारीतसुद्धा सरासरी तापमान शून्याच्या थोडं वरच असतं, हवा एकदम कोरडी आणि स्वच्छ. वारा मात्र बोचरा, कानटोपी आणि हातमोजे हवेतच. बदल्यात पक्षी दिसतात, लाल कॅमेलिया फुललेली दिसते आणि गर्दी नसते. हिवाळ्याचा अजून एक फायदा आहे, तो पुढे सूर्योदयाच्या वेळी सांगते.

सोल्लाल आणि चुसोक हे त्यांचे दोन मोठे सण, तारखा चांद्र कॅलेंडरप्रमाणे दरवर्षी बदलतात. त्या तीन-चार दिवसांत ट्रेनची तिकिटं मिळत नाहीत आणि छोटी हॉटेलं-खानावळी बंद असतात. तिकीट काढायच्या आधी या तारखा बघाच.

पोचायचं कसं आणि राहायचं कुठे

भारतीय पासपोर्टवर व्हिसा आधी काढावा लागतो, ते काम दीड-दोन महिने आधीच उरकून ठेवा. सोलला उतरलात तर केटीएक्स या बुलेट ट्रेनने सोल ते बुसान अडीच-पावणेतीन तास लागतात. पण फक्त बुसान-उल्सानच करायचं असेल तर सिंगापूर, बँकॉक, हाँगकाँग किंवा व्हिएतनाममार्गे थेट बुसानच्या गिमहे एअरपोर्टवर उतरता येतं, तिथून लाइट रेलने सासांग स्टेशनला यायचं की मेट्रोची लाइन 2 मिळाली.

राहायला सगळे हेउंदे सुचवतात. हनिमूनला आला असाल, खोलीतून समुद्र दिसायलाच हवा असेल तर खुशाल राहा. पण फिरायला आला असाल तर मी सोम्यॉन म्हणेन, कारण तिथे लाइन 1 आणि लाइन 2 एकमेकींना मिळतात. लाइन 2 तुम्हाला पूर्व किनाऱ्याला नेते आणि लाइन 1 एकटी बाकी सगळीकडे नेते: उत्तरेला डोंगर, दक्षिणेला योंगदो बेटाच्या तोंडाशी, पश्चिमेला नदीचं मुख आणि दादेपो. शिवाय रेट कमी आणि रात्री उशिरापर्यंत खायला मिळतं.

फोनमध्ये आणि खिशात काय हवं

गुगल मॅपवर कोरियात चालायचा रस्ता नीट मिळत नाही, त्यामुळे नेव्हर मॅप किंवा काकाओ मॅप आधीच टाकून घ्या, दोन्ही इंग्रजीत चालतात. नेव्हर मॅपवर बस किती मिनिटांत येणार ते दिसतं आणि ते खरंच बरोबर असतं. भाषांतरासाठी पापागो. टी-मनी कार्ड कुठल्याही कन्व्हिनियन्स स्टोअरमधून घ्यायचं, मेट्रो-बस-काही टॅक्सी सगळीकडे चालतं, पण त्यात पैसे भरायला बहुतेक ठिकाणी रोख लागते, म्हणून थोडे वॉन जवळ ठेवा. बसमधून उतरतानाही कार्ड टेकवायचं म्हणजे पुढच्या मेट्रोला बदलीची सवलत मिळते. हे लोक विसरतात आणि प्रत्येक वेळी पूर्ण भाडं भरतात.

बूट चांगले ग्रिपवाले. किनाऱ्याच्या वाटा म्हणजे सपाट प्रॉमनेड असेल असं वाटतं, पण तिथे शेकडो पायऱ्या असतात. पाण्याची बाटली, एक पातळ विंडचीटर आणि कचऱ्यासाठी एक पिशवी, कारण वाटेवर कचऱ्याचे डबे जवळजवळ नसतातच, आपला कचरा आपणच परत न्यायचा. सार्वजनिक टॉयलेट मात्र सगळीकडे, फुकट आणि इतकी स्वच्छ की आपल्याला जरा लाज वाटावी.

पूर्व किनारा: सकाळी लवकर निघा

आता सूर्योदयाचं गणित. जूनमध्ये इथे सव्वापाचच्या आतच सूर्य उगवतो आणि पहिली मेट्रो साधारण त्याच सुमाराला सुटते, म्हणजे मेट्रोने जाऊन सूर्योदय गाठणं अशक्य, टॅक्सीच करावी लागते. डिसेंबर-जानेवारीत तोच सूर्य साडेसातला उगवतो, आरामात पहिली-दुसरी मेट्रो पकडून पोचता येतं. म्हणून म्हटलं, हिवाळ्याला नावं ठेवू नका.

सूर्योदयासाठी दोन जागा आहेत, दोन्ही गिजांग भागात, एकमेकींपासून चालत जाण्याच्या अंतरावर. एक हेदोंग योंगगुंगसा, 1376 साली स्थापन झालेलं बौद्ध मंदिर. कोरियातली जुनी मंदिरं बहुतेक डोंगरात असतात, हे अगदी समुद्राच्या खडकांवर आहे, लाटा जवळजवळ पायथ्याशी आपटतात. खाली उतरायला 108 पायऱ्या आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी परत चढायचंय हे लक्षात ठेवा. दहानंतर इथे टूर बसेस यायला लागतात आणि मग फक्त डोकी दिसतात. पहाटे मात्र देवळाचे भिक्षू, चार-पाच आजीबाई आणि तुम्ही. 1 जानेवारीला चुकूनही जाऊ नका, अख्खं शहर वर्षाचा पहिला सूर्य बघायला तिथेच असतं.

दुसरी जागा ओरांगदे. खडकाच्या टोकावर एक छोटंसं देऊळ, चहूबाजूंनी फेसाळ पाणी, फोटोग्राफर लोक ट्रायपॉड लावून अंधारातच उभे असतात. मला विचाराल तर योंगगुंगसापेक्षा मला हीच जागा जास्त आवडते. योंगगुंगसाहून किनाऱ्याकिनाऱ्याने ओरांगदेपर्यंत चालायची वाट आहे, मधे छोटी कोळी बंदरं लागतात, जाळी आणि समुद्री शेवाळ वाळत घातलेलं असतं, वास ओळखीचा येईल. निवांत तासभर धरा. इथे पोचायला हेउंदेहून 181 नंबरची बस, नाहीतर दोंगहे लाइन या लोकल रेल्वेच्या ओसिरिया स्टेशनवर उतरून टॅक्सी, पाच-दहा मिनिटांचंच अंतर आहे.

सूर्योदय झाला, की परतीच्या वाटेवर सोंगजोंग बीचला उतरा. हा सर्फिंगवाल्यांचा बीच, हेउंदेपेक्षा शांत. इथून हेउंदेच्या मिपोपर्यंत जुन्या रेल्वेची वापरातून गेलेली लाइन होती, 2020 पासून तिच्यावर समुद्राकडे तोंड करून बसायची छोटी ट्रेन आणि रंगीबेरंगी कॅप्सूल चालतात. ट्रेन सोंगजोंग ते मिपो अशी पूर्ण 4.8 किलोमीटर, कॅप्सूल मात्र फक्त चोंगसापो ते मिपो. कॅप्सूल दिसायला गोड आहेत पण महाग आहेत, सुट्टीच्या दिवशी आधी बुकिंग केल्याशिवाय मिळत नाहीत आणि वेग बैलगाडीचा. लहान मुलं किंवा आईबाबा बरोबर असतील तर घ्या, नाहीतर त्याच रुळांना लागून लाकडी चालायची वाट आहे, एक पैसा लागत नाही आणि समुद्र तोच दिसतो. अर्ध्या वाटेवर चोंगसापोला लाल आणि पांढरं अशी दोन लाइटहाउस आहेत, तिथे कॉफी प्यायला थांबा.

हेउंदे बीचबद्दल फार लिहीत नाही, दीड किलोमीटर वाळू आणि मागे काचेच्या इमारती, आपोआप बघून होईलच. तिथे एकच गोष्ट सांगायची: पोहायला परवानगी फक्त उन्हाळ्याच्या ठरलेल्या सीझनमध्ये आणि हद्द दाखवणाऱ्या तरंगत्या बोयांच्या आतच असते, आणि हा नियम उगाच नाही, हेउंदेला पाण्याचा आत ओढणारा प्रवाह अचानक तयार होतो आणि चांगला पोहणारा माणूससुद्धा त्यात आत खेचला जातो. लाइफगार्डने शिट्टी मारली की निमूट बाहेर या.

बीचच्या पश्चिम टोकाला दोंगबेकसोम आहे, पूर्वीचं बेट, आता जमिनीला जोडलेलं. पाइन आणि कॅमेलियाची झाडं, खालून खडकांवरची लाकडी वाट, टोकाला 2005 च्या एपेक परिषदेची गोल इमारत. अर्ध्या-पाऊण तासात फेरी होते. डिसेंबर ते मार्च इथे कॅमेलिया अख्खंच्या अख्खं फूल झाडावरून खाली टाकते, पाकळ्या सुट्या होत नाहीत, त्यामुळे झाडाखाली लाल फुलांचा सडा पडलेला असतो.

इगिदे: एकच वाट चालणार असाल तर ही

वेळ कमी असेल तर बाकी सगळं कापा पण हे ठेवा. ओर्युकदो ते इगिदे ही किनाऱ्याची वाट पावणेपाच किलोमीटर आहे, दोन ते अडीच तास लागतात, फोटो काढत गेलात तर तीन. हा सगळा भाग लष्कराच्या ताब्यात होता, 1993 मध्ये लोकांसाठी खुला झाला, त्यामुळेच शहराच्या मधोमध असूनही इथे बिल्डरचा हात पोचला नाही.

दिशा महत्त्वाची. ओर्युकदोकडून सुरुवात करा आणि दोंगसेंगमालला संपवा. त्याचं कारण असं की सगळ्यात दमवणारा चढ सुरुवातीलाच, पाय ताजे असताना होऊन जातो, आणि शेवटच्या तासात समोर ग्वांगान पूल आणि हेउंदेचे टॉवर हळूहळू मोठे होत जातात. उलट गेलात तर हे सगळं पाठीमागे राहतं आणि सारखं वळून बघावं लागतं.

1. लाइन 2 ने क्योंगसोंग-पुक्योंग युनिव्हर्सिटी स्टेशनला उतरा, बाहेरून 27 किंवा 131 नंबरची बस, शेवटच्या स्टॉपपर्यंत, म्हणजे ओर्युकदोपर्यंत.

2. उतरलात की समोरच कड्यावर काचेचा स्कायवॉक आहे, 35 मीटर उंचीवर, फुकट. बुटांवर घालायला कापडी कव्हर देतात. जोराचा वारा किंवा पाऊस असला की बंद ठेवतात. खरं सांगायचं तर काच इतक्या पायांनी धूसर झालेली असते की खालचं पाणी फार स्पष्ट दिसत नाही, पाच मिनिटांत उरका. खरी गंमत समोरच्या बेटांची. ती कधी पाच दिसतात कधी सहा, कुठून बघता आणि भरती आहे की ओहोटी यावर अवलंबून.

3. स्कायवॉकच्या वरच्या उतारावर बाग आहे, मार्च-एप्रिलमध्ये तिथे पिवळे डॅफोडिल फुलतात. तिथूनच पायऱ्या सुरू होतात. हाच तो चढ. इथूनच हेपारांगगिल नावाची पूर्व किनाऱ्याने थेट उत्तरेच्या सीमेपर्यंत जाणारी 750 किलोमीटरची वाट सुरू होते, झाडांना बांधलेल्या तिच्या रिबिनी बघत गेलात की वाट चुकत नाही.

4. मधल्या टप्प्यात वाट कड्याच्या कंबरेवरून जाते. खालचे खडक ज्वालामुखीचे आहेत, डायनासोरच्या काळातले, साधारण आठ कोटी वर्षांपूर्वीचे, पण आपल्या काळ्या बसाल्टसारखे नाहीत, कुठे हिरवट कुठे तांबूस पट्टे आहेत. जुन्या तांब्याच्या खाणीच्या खुणाही वाटेत आहेत. पाटी लावून जिथे कठडा ओलांडायला मनाई केली आहे तिथे रीलसाठी उतरू नका, लाट कधी येते कळत नाही.

5. शेवटच्या टप्प्यात एकापाठोपाठ छोटे झुलते पूल येतात आणि मग दोंगसेंगमाल. तिथे बसा. दुपारी तीनला सुरुवात केली असेल तर ऑक्टोबरमध्ये बरोबर दिवे लागायच्या वेळी पोचता, पुलाचे दिवे, टॉवरचे दिवे, सगळं पाण्यात उतरलेलं.

6. इथून मेट्रो जरा लांब आहे. पाय बोलायला लागले असतील तर ॲपवरून टॅक्सी बोलवा, ग्वांगाल्ली बीचवर जेवायला जा.

वाटेत मागून येणाऱ्या कोरियन आज्या तुम्हाला मागे टाकून जातील, मनाला लावून घेऊ नका. पासष्ट-सत्तरच्या असतात, डोक्यावर मोठी व्हायझरची टोपी, हातात दोन काठ्या, अंगात गडद गुलाबी जॅकेट, आणि बाकावर बसल्या की पिशवीतून सोललेली काकडी आणि संत्री काढून शेजारच्या अनोळखी माणसाच्या हातावर ठेवतात. नको म्हणू नका. दोन्ही हातांनी घ्या, थोडं वाकून "काम्साहाम्निदा" म्हणा, लगेच दुसरी फोड मिळते.

योंगदो आणि तेजोंगदे

नाम्पो स्टेशनहून 8 किंवा 30 नंबरची बस थेट तेजोंगदेला जाते. योंगदो बेटाचं दक्षिण टोक म्हणजे हे, सिल्ला राज्याचा राजा तेजोंग मुयोल इथे यायचा म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. गेटपासून आत गोल रस्ता आहे, साधारण चार किलोमीटरचा, त्यावर दानुबी नावाची टायरची ट्रेन फिरते, तिकीट काढलं की मधे उतरून पुढची पकडता येते. ज्येष्ठांसाठी झकास सोय. पण सुट्टीच्या दिवशी तिची लाइन इतकी मोठी असते की तेवढ्या वेळात अर्धी फेरी चालून होते.

लाइटहाउसचा स्टॉप चुकवू नका. मूळ दीपगृह 1906 चं. तिथून जिना खाली जातो आणि कडा एकदम उघडा पडतो, सरळ कापलेले थर, खाली सपाट खडक, पलीकडे नांगर टाकून उभी असलेली मोठमोठी मालवाहू जहाजं. दरडींच्या भीतीने खडकावर उतरायची वाट कधीकधी बंद असते, वरूनच बघा. हवा अगदी स्वच्छ असेल तर क्षितिजावर जपानचं त्सुशिमा बेट दिसतं, अंतर फक्त 50 किलोमीटरच्या आसपास. जूनच्या शेवटी-जुलैत तेजोंगसा देवळाच्या आवारात हायड्रेंजिया फुलतात, निळ्या-जांभळ्या, त्या धुक्याच्या दिवसांतली हीच एक जागा जिथे धुकं चालतं, उलट छान दिसतं.

खालच्या गोट्यांच्या किनाऱ्यावर समुद्रात बुडी मारून शंख-शिंपले काढणाऱ्या बायका, हेन्यो, ताजा माल तिथेच कापून विकतात. मासे खाणारे असाल तरी हे प्रकरण वेगळं आहे, कच्चं आणि कधीकधी अजून हलणारं, आधी भाव विचारा आणि मग बसा.

डोंगराचा दिवस: गुमजोंगसान

बुसानला जाऊन डोंगर न चढता आलात तर अर्धंच शहर बघितलंत. गुमजोंगसानचं सर्वात उंच शिखर गोदांगबोंग 801.5 मीटर. 2025 मध्ये या डोंगराला राष्ट्रीय उद्यान म्हणून मान्यता मिळाली, देशातलं 24 वं. बोमोसा मंदिरापासून सुरुवात केली तर चढ साधारण 500 मीटरचा पडतो, म्हणजे सिंहगड पायथ्यापासून नियमित चढणाऱ्याला काहीच जड नाही.

लाइन 1 ने बोमोसा स्टेशन, तिथून 90 नंबरची बस मंदिरापर्यंत. मंदिर 678 साली उइसांग या भिक्षूने स्थापन केलेलं. आठच्या आत पोचा, मंदिराला अर्धा-पाऊण तास द्या. एप्रिलच्या शेवटी ते मेच्या सुरुवातीला गेलात तर शेजारच्या दरीत रानटी विस्टेरियाचं बन फुललेलं असतं, जुन्या झाडांवर चढलेल्या वेली आणि सगळीकडे जांभळे घोस, याला नैसर्गिक स्मारकाचा दर्जा आहे.

मंदिराच्या बाजूने वाट उत्तर दरवाज्याकडे, बुकमुनकडे चढते. सुरुवातीला मोठमोठ्या ग्रॅनाइटच्या धोंड्यांचा ओढा लागतो, दगडच दगड, खालून पाण्याचा आवाज येतो आणि पाणी दिसत नाही. तासाभरात बुकमुन, तिथून अजून अर्धा-पाऊण तास शिखर. शेवटी लाकडी पायऱ्या आहेत. वरून एका बाजूला नाकदोंग नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधल्या खाचांमध्ये भरलेलं शहर. शिखराजवळ गुमसेम आहे, एका उंच खडकाच्या डोक्यावर पाण्याचा छोटा खळगा. आकाशातून उतरलेला सोनेरी मासा त्यात राहायचा अशी बोमोसाची आख्यायिका.

आल्या वाटेने परत उतरू नका. बुकमुनला या आणि तिथून किल्ल्याच्या तटबंदीवरून दक्षिणेला पूर्व दरवाज्याकडे, दोंगमुनकडे चाला. साधारण चार किलोमीटरची धार आहे, फार चढ-उतार नाहीत, ऑक्टोबरमध्ये दोन्ही बाजूंना गवताचे तुरे. हा कोरियातला सर्वात मोठा डोंगरी किल्ला, आत्ताची तटबंदी 1703 च्या सुमारास बांधायला घेतलेली. मात्र राजगड-रायगडची सवय असलेल्यांनी बुरूज-बालेकिल्ल्याची अपेक्षा ठेवू नये, कंबर-छातीएवढी दगडी भिंत डोंगराच्या अंगावरून वळत गेलेली आहे, एवढंच, पण चालायला फार सुंदर.

दोंगमुनजवळून सानसोंग गावातली 203 नंबरची बस ओनचोनजांग स्टेशनला सोडते. गावात डोंगरातल्या पाण्याची माकगोल्ली मिळते, तांदळाची दुधट दारू, आणि बरोबर हिरव्या पातीचं धिरडं. ओनचोनजांग म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांचा जुना भाग, दिवसभर चालून आल्यावर तिथे अंघोळ म्हणजे स्वर्ग. फक्त एक सांगून ठेवते: बाया-पुरुष वेगळे असले तरी आत अंगावर एकही कपडा चालत नाही, पोहण्याचा ड्रेससुद्धा नाही. पहिली पाच मिनिटं अवघड जातात, मग लक्षात येतं की कुणी ढुंकूनही बघत नाहीये. नाहीच जमलं तर रस्त्यालगत पाय बुडवून बसायचं गरम पाण्याचं कुंड आहे.

सगळं मिळून पाच-सहा तास. डोंगरातून बाहेर पडायच्या ठिकाणी बहुतेक वेळा हवेचा जोरदार झोत मारणारी बंदूक बसवलेली असते, बुटांची आणि पँटची माती त्याने उडवायची आणि मगच मेट्रोत चढायचं. आणि हो, फेब्रुवारी ते मेचा मध्य आणि नोव्हेंबर ते डिसेंबरचा मध्य हा वणव्यांचा सीझन, तेव्हा काही वाटा बंद ठेवतात, काडेपेटी-लायटर तर डोंगरात कधीच नको.

पश्चिम बाजू: दुपारी निघा, सूर्यास्त करून या

ही बाजू पर्यटक सोडून देतात, आणि मला तर हीच सगळ्यात जास्त आवडते. लाइन 1 ने हादान स्टेशन, तिथून बसने पूल ओलांडून उलसुकदो बेटावर. दक्षिण कोरियातली सर्वात लांब नदी नाकदोंग, 500 किलोमीटरच्या वर वाहून इथे समुद्राला मिळते. स्थलांतरित पक्ष्यांसाठी हा भाग 1966 पासून संरक्षित आहे. 1987 मध्ये मुखावर बंधारा घातला आणि खारं-गोडं पाणी मिसळणं थांबलं, जीवसृष्टीची वाट लागली, पुढे बरीच वर्षं भांडणं झाली आणि 2022 पासून दरवाजे पुन्हा नियमित उघडायला लागले.

नोव्हेंबर ते फेब्रुवारीत इथे हूपर हंस येतात, मोठे पांढरे, पिवळ्या चोचीचे, त्यांचा आवाज लांबून भोंग्यासारखा येतो. बदकं तर हजारोंनी. पक्षी निरीक्षण केंद्रात दुर्बिणी लावलेल्या असतात, फुकट बघता येतं, सोमवारी बंद. स्वतःची दुर्बीण असेल तर न्याच.

सूर्यास्ताच्या दीड तास आधी तिथून निघून लाइन 1 च्या शेवटच्या स्टेशनला, दादेपोला या. जमलं तर आधी अमिसान व्ह्यू पॉइंटला जा, सोमवार सोडून. नदीने आणून टाकलेल्या वाळूचे लांब लांब दांडे समुद्रात आडवे पडलेले तिथून स्पष्ट दिसतात. मग खाली बीचवर. हा बीच रुंद, उथळ, ओहोटीला पाणी पार लांब जातं आणि ओल्या वाळूवर अख्खं आकाश उतरतं. कडेच्या बोरूच्या उंच गवतातून लाकडी वाट आहे, खाली चिखलात छोटे खेकडे सतत बिळात ये-जा करत असतात, मुलं तिथून हलत नाहीत. सूर्य जूनमध्ये पावणेआठच्या सुमारास, डिसेंबरात सव्वापाचला बुडतो.

शेजारचं मोरुन्दे म्हणजे पूर्वीचं बेट, नदीच्या गाळाने जमिनीला चिकटलेलं. पाइनच्या झाडीतून अर्ध्या तासाची वाट आहे, उजेड असेपर्यंतच करा.

एक दिवस जास्त असेल तर उल्सान

बुजोन स्टेशनहून दोंगहे लाइनने तेह्वागांग स्टेशन, सव्वा तासाच्या आसपास, टी-मनी कार्डवरच. तिथून बसने नदीकाठचं बांबूचं बन, चार किलोमीटर लांब. उल्सान हे कारखान्यांचं शहर, ही नदी एकेकाळी घाणेरडी होती, साफ केली आणि 2019 मध्ये तिथल्या बागेला राष्ट्रीय उपवनाचा दर्जा मिळाला. हिवाळ्यात संध्याकाळी कावळ्यांचे प्रचंड थवे बांबूत रात्रीच्या मुक्कामाला येतात, आकाश काळं होतं. दुपारी देवांगाम पार्क: जुन्या पाइनचं जंगल, समुद्रात घुसलेले तांबूस खडक आणि 2021 मध्ये झालेला 303 मीटरचा झुलता पूल. दोन्ही जागा शहराच्या दोन टोकांना आहेत, बसमध्ये वेळ जातो, म्हणून सकाळी आठला निघा.

शाकाहारी मंडळींसाठी

हा प्रश्न सगळे विचारतात. कोरियात "मांस नको" म्हटलं की मांसाचे तुकडे काढून देतात, रस्सा मात्र माशाचाच राहतो, किमचीतही बहुतेक वेळा माशाचं काहीतरी असतंच. पापागोवर "मांस, मासे, माशाचा सॉस, कोळंबी काहीच खात नाही" असं पूर्ण वाक्य कोरियनमध्ये लिहून स्क्रीनशॉट काढून ठेवा, तोंडी सांगण्यापेक्षा दाखवलेलं बरं. बोमोसासारख्या मंदिराच्या आसपास रानभाज्यांचा बिबिमबाप, म्हणजे भाज्या घालून कालवायचा भात, मिळतो, त्यात अंडं नको असेल तर आधी सांगा, वरून घालून देतात. नाम्पोच्या रस्त्यावर बियांचं सारण भरलेली होत्तोक नावाची गोड पोळी गरमागरम मिळते, उकडलेला मका आणि भाजलेलं रताळं डोंगराच्या पायथ्याशी. हेउंदे आणि बुसान नॅशनल युनिव्हर्सिटीच्या भागात भारतीय हॉटेलं आहेत, रात्रीचं जेवण तिथे धरा. दिवसभरासाठी थेपले, चिवडा, चिक्की घरूनच न्या, खायच्या वस्तू आहेत असं कस्टमच्या फॉर्मवर विचारलं तर खरं लिहा, आणि फळं-भाज्या-मांसाचे पदार्थ बॅगेत अजिबात नकोत.